फाटकावरची हाक

याउको,
१२ जानेवारी १९८७

चि. मोन्से हिस,
अ. उ. आशीर्वाद.

आज पहाटे एका आवाजाने जाग आली, आणि उठून बसलो तर तो आवाज बाहेर कुठेच नव्हता. आपल्या फाटकाची कडी आधी खणकन वाजायची, मग पायरीवर बूट, आणि बूट उंबऱ्याशी पोचायच्या आत ती हाक. आईऽ, आशीर्वाऽद. 'आई' खालच्या पट्टीत, 'आशीर्वाद' वरच्या, आणि शेवट लांबवलेला. माणूस दिसायच्या आधी हाक घरात. मग स्वयंपाकघरातून, केळी तळता तळता, मागे वळूनही न पाहता प्रोवीचे उत्तर येई, की देव तुझं भलं करो पोरा, पाय पुसून ये. गल्लीतली सगळीच मुले घरात शिरताना मोठ्यांना आशीर्वाद मागतात, आपणही मागत होतो; पण एफ्राइनसारखा गाऊन मागणारा दुसरा नव्हता. शेजारीण म्हणायची, तुमचा मुलगा आशीर्वाद मागतो की पाव विकतो?

त्या हाकेला अकरा वर्षे झाली. तुला सगळे ठाऊक आहे, तरी म्हातारा माणूस सांगितलेलेच सांगतो. एफ्राइनने त्या दोन मुलींच्या घटस्फोटित आईशी लग्न ठरवले, आणि प्रोवी म्हणाली, जायचं तर माझ्या आशीर्वादावाचून जा. तो बॅग घेऊन निघाला. फाटकाशी थांबला, वळला आणि त्याने नेहमीची हाक मारली. तिने खिडकी लावून घेतली. तेव्हापासून दर रविवारी न्यूयॉर्कहून त्याचा फोन येतो, तो आशीर्वाद मागतो, आणि ती एक शब्द न बोलता फोन माझ्या हातात देते. माझा त्याला मिळतो. पण बापाचा आशीर्वाद म्हणजे उकळून उरलेली कॉफी. पहिली धार आईची.

आता तिचे विसरणे वाढले आहे. नाताळात तिने कॉफीत मीठ घातले आणि आम्ही ती पाहुण्यांसमोर मुकाट प्यायलो. ती भांडणही विसरली, ही चांगली बातमी. वाईट अशी की भांडणापाठोपाठ माणसेही निघाली आहेत. डॉक्टर म्हणतात, वर्ष संपेपर्यंत ती कुणालाच ओळखणार नाही. म्हणजे आशीर्वाद द्यायला हात राहील. कुणाला द्यायचा ते राहणार नाही.

म्हणून आपल्या पोरीने, मिग्दालियाने, घाट घातला आहे. फेब्रुवारीत आमच्या लग्नाला पन्नास वर्षे होतात. सान हुआनहून मोठ्या पांढऱ्या जहाजातून आठवडाभराची सहल, बेटाबेटाने. एफ्राइन विमानाने येऊन तिथेच जहाजावर चढेल. मिग्दालिया म्हणते, बाबा, जहाजाच्या खिडक्या उघडतच नाहीत, म्हणजे आईला लावूनही घेता यायच्या नाहीत.

चौथीच्या पुस्तकातली ती होडीची कविता आठवते का तुला? बाई बाकावर उभे करून म्हणवून घ्यायच्या. 'होडी गेली, शीड बुडाले, उरले पाणी.' पुढची ओळ दोन दिवस आठवतो आहे, येत नाही.

गुडघा सांभाळ. माझ्याजवळ आशीर्वाद शिल्लक आहेत तोवर त्यातला मोठा वाटा तुझाच.

तुझा,
फेर्मीनदादा

*

ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क,
२४ जानेवारी १९८७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बर्फातून आलं. पोस्टमनने ओलं करून दिलं, तरी उघडल्यावर आपल्या घरचा कॉफीचा वास आला. की मला तसं वाटलं, कोण जाणे.

तू आणि जहाज! गावच्या तळ्यातल्या बोटीत बसून बाबांच्या नव्या टोपीत ओकणारा तू. बरोबर लिंबं ने. आणि आणखी एक सांगते. माझी खालची शेजारीण गेली होती अशा सहलीला. म्हणाली, जहाजावर लोक कपड्यांच्या चार बॅगा नेतात आणि लाज तेवढी घरी ठेवतात. सावलीतल्या खुर्चीवर ओला टॉवेल टाकून दिवसभर ती अडवायची, रांगेत कोपर मारायचं, आणि वर तुमच्याकडे बघून हसायचं. तेव्हा तिथे कुणाला कविता म्हणून सुधारायला जाऊ नकोस.

एफ्राइन रविवारी जेवायला होता. दादा, पोरगा बेचाळीस वर्षांचा झाला आणि माझ्या ओट्याशी उभा राहून विचारतो, आत्या, काय म्हणू मी? मी म्हटलं, म्हणायचंस तेच म्हण. तर म्हणाला, अकरा वर्षांत मी तशी हाक मारलेली नाही. आमच्या इमारतीत मोठ्याने खोकलो तरी वरचा जमिनीवर काठी आपटतो. त्याने पांढरा कोट शिवून घेतलाय. बायको म्हणते, मी येत नाही, आधी आई आणि मुलगा होऊ देत, मग मी. शहाणी आहे ती. वहिनीला हे कळायला हवं होतं, पण ते आता मरो.

आणि ती ओळ: 'कोण हाक मारी, कोण ओ देई, जाणेना कोणी.' तू नेहमी इथेच अडायचास. विसरायचास म्हणून नाही, रडू यायचं म्हणून.

वहिनीला नमस्कार. मोन्से कोण असं तिने विचारलं तर सांग, तुमच्या लग्नातला केक जिने पाडला ती. लोभ आहेच, माझ्या गुडघ्यासारखा तोही वयाबरोबर दुखतो.

तुझी,
मोन्से

*

जहाजावरून, सेंट थॉमसच्या बंदरात,
१७ फेब्रुवारी १९८७

चि. मोन्से हिस,
अ. उ. आशीर्वाद.

जहाज इतके मोठे आहे की समुद्र लागत नाही. लिंबे तशीच पडून आहेत. तू विचारशील म्हणून आधी तेच सांगतो: अजून झालेले नाही.

एफ्राइन शिडीच्या तोंडाशी उभा होता, पांढरा कोट, केस निम्मे पिकलेले. मी ओळखला, पण मलाही एक श्वास जास्त लागला. तो आईसमोर वाकला आणि अगदी हळू, देवळात बोलावे तसा, म्हणाला, आई, आशीर्वाद. तिने त्याला बुटांपासून वरपर्यंत पाहिले, पर्स काखेत घट्ट धरली आणि मला विचारले, हे साहेब नगरपालिकेचे का? तेव्हापासून तिच्या मनाने घेतले आहे की हा माणूस तिला घरातून उचलून न्यायला आला आहे. तो टेबलाशी बसला की ती जेवत नाही. काल त्याने तिच्यासाठी पपई चिरून आणली, तर तिने ताटली माझ्याकडे सरकवली आणि कानात सांगितले, याला म्हणावं मला अजून सगळा स्वयंपाक येतो.

आता शेजाऱ्यांविषयी. तुझी खालची शेजारीण खोटे बोलली नाही. जेवणघरात प्रत्येकाचे टेबल आठवडाभरासाठी ठरलेले असते, आणि आमच्या शेजारी सान हुआनजवळच्या बायामोनचे पाच जण आहेत. मोटारी विकतात. पुष्कळ विकल्या म्हणून मालकाने सहल दिली. सगळ्यांचे एकाच रंगाचे सदरे. सकाळपासून डोमिनोचा डाव, आणि सोंगटी ठेवायची नाही, आपटायची, अशी की आमच्या बशा नाचतात. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रोवीच्या खुर्चीवर ओला टॉवेल टाकला. ती उठून नाक पुसायला गेली होती, तेवढ्यात. त्यांचा म्होरक्या ज्युनियर. आपल्या एफ्राइनच्याच वयाचा, पोट सुटलेले, गळ्यात सोन्याची साखळी, आवाज बाजारातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिग्दालियाने नेहमीसारखा आईला आशीर्वाद मागितला, तिने दिला, आणि ते शेजारच्या टेबलाने पाहिले. ज्युनियर हरत होता. तो तिकडून ओरडला, आईऽ, आशीर्वाऽद, माझा डाव जातोय. प्रोवीने मान वर केली, हात उचलला आणि म्हणाली, देव तुझं भलं करो पोरा. तो डाव त्याने जिंकला. झाले. आता दर डावाआधी पाचही जण ओळीने येतात, टोपी काढून उभे राहतात, ती एकेकाला आशीर्वाद देते, आणि तिच्या पाठीमागे गेले की तिचा थरथरता हात करून दाखवतात.

मिग्दालियाने मुख्य वाढप्याला सांगितले. त्याने हसून आमचे टेबल खिडकीशी हलवले आणि फळांची टोपली पाठवली. रात्री ते पाच जणही खिडकीशी, आम्हालाही समुद्र दिसायला हवा म्हणत. एफ्राइन मूठ वळून उठला. मी बाही धरून बसवला. मग मीच कोट घालून ज्युनियरकडे गेलो. वाक्ये ठरवून गेलो होतो. म्हटले, माझी पत्नी आजारी आहे, आणि आपल्या लोकांत आशीर्वाद हा खेळ नाही, तुमचीही आई असेल. तो सोंगट्या हातात खुळखुळवत म्हणाला, आजोबा, तुम्ही कॉफी घ्या. आशीर्वाद काय रेशनवर आहे, संपेल म्हणून जपताय? आम्ही मागून घेतो, चोरून नाही. टेबल हसले. मला चांगली दहा उत्तरे सुचली, पण जिन्यावर.

आता पुढचे मिग्दालियाला कळवू नकोस. प्रोवी खुलली आहे. सकाळी केस विंचरून बसते आणि विचारते, मुलं आली का? दोन्ही वेळा जेवते, फक्त एफ्राइन दूर बसला पाहिजे. मला त्या लोकांचा संताप येतो, आणि अकरा वाजून गेले की ते अजून का आले नाहीत म्हणून मीच दाराकडे पाहतो.

शुक्रवारी लग्नाच्या वाढदिवसाचे जेवण आहे. एफ्राइन तेव्हा पुन्हा मागणार आहे. म्हणाला, बाबा, ही शेवटची. त्यानंतर नाही मागणार.

पत्र इथून टपालात टाकतो. लाटेवर लिहिलेले आहे, अक्षराला हसू नकोस, माणसाला हस.

तुझा,
फेर्मीनदादा

*

ब्रॉन्क्स,
२१ फेब्रुवारी १९८७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकते, म्हणजे तुम्ही परत याल तेव्हा फाटकाच्या पेटीत वाट बघत असेल. तुझं जहाजावरचं काही अजून आलेलं नाही. पण काल शुक्रवार होता, तुमच्या लग्नाचा दिवस. मी मेणबत्ती लावली आणि ती न फडफडता शेवटपर्यंत जळली, तेव्हा मी समजले.

आता सगळं लिही. वहिनीने कुठला झगा घातला होता, कुठला हात ठेवला, काय काय म्हणाली. एफ्राइनची बायको रोज संध्याकाळी येऊन बसते, काही विचारत नाही, माझे वाटाणे सोलून देते. तिने ईस्टरला याउकोला यायचं मनात आणलंय. मुलींना विचारत होती, आजीला काय न्यायचं.

घरातला कवी तूच आहेस, तेव्हा नीट वर्णन कर. माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
मोन्से

*

याउको,
२ मार्च १९८७

चि. मोन्से हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझे पत्र पेटीत होते. तू सगळे लिही म्हणतेस, म्हणून लिहितो. नाहीतर लिहिले नसते.

निळा झगा होता. वाढप्यांनी केक आणला, दिवे मंद केले, सगळे जेवणघर टाळ्या वाजवत होते. प्रोवी मेणबत्त्यांकडे पाहून हसत होती. एफ्राइन उठला, तिच्या खुर्चीपुढे आला आणि गुडघ्यांवर बसला. पांढरा कोट, नवी विजार, सगळ्यांसमोर. टाळ्या थांबल्या. तो म्हणाला, आई, मी एफ्राइन. आशीर्वाद दे. हळूच म्हणाला, मान खाली घालून. ती पुढे वाकली तेव्हा मला वाटले, आले. तिने त्याच्या कोपराला हात लावला आणि म्हणाली, उठा साहेब, विजार मळेल तुमची.

तो तसाच बसून राहिला. आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून, प्यालेल्या आवाजात, ज्युनियरने हाक मारली. आईऽ, आशीर्वाऽद, मला विसरलीस का? 'आई' खालच्या पट्टीत, 'आशीर्वाद' वरच्या.

मोन्से, तिथे बसल्या बसल्या मला समजले. आठवडाभर समजायला हवे होते. तिच्या लक्षात चेहरा राहिला नाही; हाकेची चाल राहिली आहे. एफ्राइन इतकी वर्षे त्या थंड गावात राहून हळू बोलायला शिकला, आदबीने मागायला शिकला. तिचा एफ्राइन आदबीने मागत नव्हता. तो फाटकातून ओरडत होता.

ती खुर्चीवरून उठली. इतक्या दिवसांत कुणाचा हात न धरता उठली नव्हती. एफ्राइनला वळसा घालून त्या टेबलापाशी गेली, ज्युनियरचे डोके दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, एफ्राइन, आलास तू. मी खिडकी लावली रे त्या दिवशी, मागाहून उघडली तर तू वळणावरून गेला होतास. देव तुझं भलं करो, तुझ्या बायकोचं भलं करो, तिच्या मुलींचं भलं करो. सगळे म्हणाली. बायकोचे, मुलींचेसुद्धा. अकरा वर्षांचे एका दमात.

ज्युनियरने मित्रांकडे पाहिले. मित्र हसत होते. मग त्याने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, हो आई. एवढेच. त्याने नाही म्हणायला हवे होते, मी तो नाही म्हणायला हवे होते. तो हो आई म्हणाला, टेबलाने टाळ्या पिटल्या, आणि ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. तिने हात काढला तेव्हा तो हसत नव्हता, एवढे मी पाहिले. त्याचे मला काय.

मी मागे वळलो तेव्हा केकपुढची जागा रिकामी होती. सकाळी सान हुआनला जहाज लागले आणि एफ्राइन पहिल्या शिडीने उतरला. मिग्दालिया धावली. तो तिला म्हणाला, ताई, मी भांडलो नाही कुणाशी, बघितलंस ना?

तो तुझ्याकडे आला असेल. त्याला जेवायला घाल. त्याला सांग की नाव त्याचेच घेतले होते, बायकोमुलींसह.

तुझा लोभ मागण्याचाही धीर होत नाही. तो आहे असे धरून चालतो.

तुझा,
फेर्मीनदादा

*

ब्रॉन्क्स,
१४ मार्च १९८७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली, सेंट थॉमसचं आणि हे. मी आधी ते वाचलं आणि हसले. मग हे उघडलं.

एफ्राइन येतो, जेवतो. कोट कुठे गेला विचारलं तर म्हणाला, विमानतळावर राहिला. मी तुझा निरोप सांगितला की नाव तुझंच होतं. तर म्हणाला, आत्या, डोकं त्याचं होतं. मी म्हटलं, अरे, पोस्टमनने पत्र चुकून शेजारच्या घरात टाकलं म्हणून ते शेजाऱ्याचं होतं का? पाकिटावर नाव कुणाचं ते बघ. तो म्हणाला, शेजाऱ्याने फोडलं, वाचलं आणि हो म्हणाला. आता माझ्या हातात काय येणार, पाकीट?

आम्ही दोघं जेवणभर यावरच वाद घालतो. नावाला मिळतो की डोक्याला. त्याची बायको ऐकत असते. काल ती बोलली. म्हणाली, आत्या, सासूबाईंनी माझं भलं चिंतलं, मला तेवढं पुरे, पण यांच्या डोक्यावर कुणी हात ठेवलेला नाही आणि ते रात्री टाळूवर हात धरून झोपतात. मग मी तिघांच्या ताटात आणखी भात वाढला.

दादा, एक कर. मी त्याला म्हटलं, परत जा, फाटकातून ओरड, पूर्वीसारखा. गळा फोडून ओरड. तर म्हणाला, त्या माणसाची नक्कल करू मी? माझ्याच हाकेची नक्कल? तो नाही यायचा माझ्या सांगण्याने. तू बोलाव. तू बाप आहेस, हुकूम कर, कविता करू नकोस.

आणि तो ज्युनियर मला भेटला तर माझा गुडघा बरा आहे असं समज.

वहिनीचं लवकर लिही. मी इथे वाटाणे सोलत बसलेय. प्रेम जसं होतं तसंच ठेव.

तुझी,
मोन्से

*

ब्रॉन्क्स,
१९ मे १९८७

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याने फोनवरचा निरोप दिला. आई झोपेत गेली आणि त्रास झाला नाही, हे ऐकून बरं वाटलं.

तुम्ही एप्रिलात दोनदा ये म्हणून लिहिलंत. मी तिकीटही बघितलं होतं. मग मिग्दालियाने लिहिलं की आई सगळ्यांना सांगते, एफ्राइन येऊन गेला, सुटलाय जरा, पण गळ्यात सोन्याची साखळी घालतो, म्हणजे बरं चाललंय त्याचं. ते वाचून तिकीट राहिलं. तिचं समाधान झालं होतं. मी येऊन काय सांगणार होतो, की तो मी नव्हतो?

दफनाला आलो नाही, आता नऊ दिवसांच्या जपमाळेलाही येत नाही. लोक येतील, विचारतील, आणि दारातून आत येताना मागायचं कुणाकडे, हा प्रश्न आहे. माझ्याकडून फुलं घाला. पांढरी नकोत.

तुमची तब्येत सांभाळा.

आपला,
एफ्राइन

*

याउको,
२६ मे १९८७

चि. मोन्से हिस,
अ. उ. आशीर्वाद.

एफ्राइनचे पत्र आले. त्यात कुठेही त्याने आशीर्वाद मागितलेला नाही. मायन्यात नाही, शेवटी नाही. लिहायला शिकल्यापासून त्याचे असे हे पहिलेच पत्र. मी ते उलटून पाठीमागेही पाहिले.

प्रोवीला तिच्या आईशेजारी ठेवले, टेकडीवर, जिथून कॉफीचे मळे दिसतात. तुझ्या गुडघ्याने तुला येऊ दिले नाही याचे वाईट मानू नकोस. चढ फार आहे. लाल फुले घातली. बेटभर ऐकू येणाऱ्या रेडिओवर दुपारी मयतांची नावे वाचतात, त्यात तिचेही वाचले: याउकोची प्रोवी, पती फेर्मीन, मुलगी मिग्दालिया, मुलगा एफ्राइन, सलग नऊ संध्याकाळी घरी जपमाळेची प्रार्थना. निवेदकाने एफ्राइनचे नाव नीट उच्चारले. मी रेडिओशी बसून होतो.

शेवटचे महिने ती सुखात होती, हे खोटे नाही. रोज एकदा खिडकी उघडायला सांगे. उघडीच आहे म्हटले तर म्हणे, मग असू दे.

मी पाद्र्यांना विचारले, आशीर्वाद नावाला की डोक्याला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, फेर्मीन, देव हिशेबात चुकत नाही. मी म्हटले, देव चुकत नसेल, पण मुलाच्या टाळूला ते कसे कळावे? मग त्यांनी कॉफी मागितली.

आज नववी जपमाळ. उद्यापासून कुणी येणार नाही. शेजारणी खुर्च्या मांडत आहेत, मिग्दालिया चीज आणि बिस्किटे लावते आहे. मी प्रोवीच्या खिडकीशी बसून हे लिहितो आहे. आपली होडीची कविता काल पूर्ण म्हटली, तू दिलेल्या ओळीसकट. अडलो नाही. रडूही आले नाही, आणि त्याचेच जास्त वाईट वाटले.

एफ्राइनला भेटशील तेव्हा काही सांगू नकोस. नुसता डोक्यावर हात ठेव. तू आत्या आहेस; तिसऱ्या पाण्याची का होईना, कॉफीच ती. माझ्यावरची माया पुरवून वापर, आता आपण दोघेच उरलो.

तुझा,
फेर्मीनदादा

ता. क. — पाकीट बंद करायचे राहिले होते, म्हणून आज २७ तारखेला पुढचे लिहितो.

काल जपमाळ निम्मी झाली होती. मी डोळे मिटून बसलो होतो. फाटकाची कडी खणकन वाजली. पायरीवर बूट वाजले. आणि बूट उंबऱ्याशी पोचायच्या आत हाक आली. आवाज पडलेला होता, पण चाल तीच. 'आई' म्हटले नाही, नुसते म्हटले, आशीर्वाऽद. बायकांच्या बोटांतले मणी थांबले. या घरातून त्या हाकेला एकदा उत्तर गेले नव्हते, ते मला पुन्हा होऊ द्यायचे नव्हते. मी डोळे उघडायलाही थांबलो नाही. मोठ्याने म्हणालो, देव तुझं भलं करो, एफ्राइन, ये बाळा, आत ये.

कुणी आत आले नाही, म्हणून डोळे उघडले.

दारात ज्युनियर उभा होता. काळा सदरा, गळ्यात काही नाही, टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मिग्दालिया हातातली ताटली घेऊन तशीच उभी राहिली. ज्यांना माहीत नव्हते त्या शेजारणी, मुलगा आला म्हणून, सरकून त्याला माझ्याशेजारी जागा करत होत्या. तो उंबरा ओलांडेना. त्याने एकदा प्रोवीच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, आजोबा, मी एफ्राइन नाही.